मंद प्रकाश आणि जुने भिंग

भोपाळच्या जुन्या शहरात, चौक बाजाराच्या आसपास, दिवेलागणीनंतर जरदोजीचे काम चाललेले असते. दिव्याचा उजेड पडतो तो कापडावर, सुईवर आणि बोटांवर. कारागिराचा चेहरा अर्धा अंधारातच राहतो. याच शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटकाचे शैलाश्रय आहेत. तेथील खोल कपारींत भर दुपारीही उजेड बेताचाच. दोन्ही ठिकाणी छायाचित्रकाराची अडचण एकच भासते, ती म्हणजे प्रकाश थोडा. वस्तुतः अडचणी दोन आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. प्रकाश किती आहे यापेक्षा समोरचा विषय किती वेळ थांबणार आहे, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

हा प्रश्न जुने भिंग वापरणाऱ्याला टाळता येत नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कॅमेऱ्यावरचे ५० मिलिमीटरचे भिंग मध्ये एक धातूचे कडे घालून नव्या कॅमेऱ्याला जोडणारे हौशी आज पुष्कळ आहेत. अशा भिंगाला यंत्राची बुद्धी नसते. छिद्र लहानमोठे करण्याचे एक कडे आणि अंतर जुळविण्याचे दुसरे, एवढाच त्याचा कारभार. एफ/२ चे भिंग पूर्ण उघडले की एफ/८ च्या सोळापट प्रकाश आत येतो. जर्मनीत १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा निघाला तो याच बळावर. त्याच्या एफ/२ भिंगाने एरिख सालोमन यांनी न्यायालयांतील आणि मुत्सद्द्यांच्या परिषदांतील चित्रे फ्लॅशवाचून टिपली. पुढे दिग्दर्शक स्टॅन्ले क्यूब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातील काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी वापरलेले एफ/०.७ चे भिंग मुळात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी बनविलेले होते. इतके दांडगे भिंग बाजारात जाणाऱ्याला नको असते, आणि परवडणारही नाही.

बाजारातील माणूस थांबत नाही. तेथे छिद्र पूर्ण उघडावे, कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी आणि चित्रात थोडे दाणे उमटले तरी त्यांची खंत करू नये. हात न हलू देता १/३० सेकंदाचे चित्र घेता येईलही. परंतु समोरचा हात हलला तर छायाचित्रकाराच्या स्थिरतेचा काय उपयोग? पूर्ण उघडलेल्या भिंगाची किंमत मात्र मोजावी लागते. ५० मिलिमीटरच्या एफ/२ भिंगाने दोन मीटरवरील माणूस टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर खोल असतो. सुई स्पष्ट हवी की डोळे, हे आधीच ठरवावे लागते. दोन्ही मिळतीलच असे नाही. अनुभवी लोक धांदलीत कडे फिरवीत बसत नाहीत. ते कड्यावरील खुणेवर अंतर दोन मीटरला लावून ठेवतात आणि माणूस त्या अंतरात येण्याची वाट पाहतात. कारागीर बसलेला असेल तर काम सोपे. मात्र आधी त्याची परवानगी विचारावी. चहाच्या दुकानापुढील गर्दीत असे थांबणे कठीण, पण चित्रे तेथेच चांगली मिळतात. फ्लॅश मात्र पेटवू नये. ज्या दिव्यासाठी चित्र घ्यावयाचे, तो दिवाच त्याने पुसला जातो. कडेचे दिवे जुन्या भिंगातून पाखराच्या पंखांसारखे पसरलेले येतात. तो भिंगाचा दोष खरा. पण कित्येकांना तोच आवडतो.

भीमबेटकात गणित उलटते. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ व चित्रकार विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ही स्थळे प्रकाशात आणली आणि तेथील चित्रांच्या प्रतिकृती स्वतः बसून रेखाटल्या. २००३ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. गेरूने आणि पांढऱ्या रंगाने काढलेली ती हरणे, ते नाचणारे हात धरलेले लोक कोठे जाणार आहेत? तेथे उघडे छिद्र निरुपयोगीच नव्हे, तर घातक. शिळा वाकडीतिकडी असते. मधले हरिण स्पष्ट यावे आणि कडेचे विरघळावे, असे होते. तेथे छिद्र एफ/८ वर आणावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि बाजारात १/१५ सेकंदात जेवढा प्रकाश घेतला, तेवढाच येथे सुमारे १ सेकंदात घ्यावा. कपार खोल असेल तर दहा सेकंदही लागतील. तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घेणे बरे. तिपाई नसेल तर कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवावा, पण चित्रे असलेल्या खडकावर कदापि नव्हे.

पूर्वी अनेक देशांत शैलचित्रांवर पाणी शिंपडून छायाचित्रे घेण्याची चाल होती. ओला गेरू गडद दिसतो, अंधुक रेघ क्षणभर उजळते. पण पाणी वाळताना क्षार मागे सोडते आणि हळूहळू रंगावर पांढुरकी पापुद्री चढते. सहस्रावधी वर्षे टिकलेली रेघ एका फोटोसाठी झाकली जाते. हे सारे चार-दोन सेकंद अधिक थांबण्याच्या कंटाळ्यापोटी! आता तर रंगांतील सूक्ष्म भेद संगणकावर वाढवून पुसट रेघा वाचता येतात. पाण्याला निमित्तही उरलेले नाही.

जुने भिंग घेऊन निघण्यापूर्वी ते एकदा विजेरीसमोर धरून आरपार पाहावे. कातडी पेटीत बंद ठेवलेल्या भिंगाला पावसाळ्याच्या दमटपणाने बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आत पसरतात. दिवसा त्याचा फारसा त्रास होत नाही. रात्री मात्र प्रत्येक दिव्याभोवती धुके चढते आणि दोष भिंगाचा की हवेचा, हे कळेनासे होते. असे भिंग इतर भिंगांपासून वेगळे ठेवावे व जाणकाराकडून उघडून साफ करून घ्यावे.