विषाचा गाळ कोणी काढायचा?



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, इतिहास, नाटक अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. माझा विषय ऐकल्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, ऐन उन्हाळ्यात हे लोकांना सोसेल का?" मी म्हटले, उन्हाळ्यातच सोसेल, विहिरीचा तळ उन्हाळ्यातच दिसतो. मी विद्वान नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. त्यामुळे कायदा मला कळतो तो एवढ्याच अंगाने, की शेवटी पैसे कोणाच्या खिशातून निघतात.

विहिरीपासूनच सुरुवात करू. चार भावांत एक विहीर असली, की सातबाऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा असतो आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. गाळ साचला तर ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा त्याने खर्च द्यायचा. त्यासाठी दिल्लीहून नियम यावा लागत नाही. आता समजा, ज्याचा विहिरीत हिस्साच नाही अशा पाचव्या इसमाने शेजारच्या रानात रात्री विषारी पिंपे पुरली, दहा वर्षे धंदा केला, जमीन विकली आणि तो निघून गेला. पाणी पिवळे पडले. आता तो गाळ कोणी काढायचा? चौघा भावांनी? जमीन घेणाऱ्या सहाव्याने? ग्रामपंचायतीने, की सरकारने? आपल्याकडे म्हण आहे, खाई त्याला खवखवे. म्हण ठीक आहे. पण खाणारा पळून गेल्यावर खवखव गावाच्या घशाला लागते, त्याचे काय?

या प्रश्नासाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते आहेत. त्यांची रीत थोडक्यात अशी: स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने, आपण होऊन अथवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा खरोखर दूषित आहे की नाही ते ठरवायचे. दूषित ठरली तर ती जाहीर करायची, तेथे वावरण्यावर निर्बंध घालायचे, तज्ज्ञ संस्थेने सफाईचा आराखडा करायचा आणि मंडळाने ९० दिवसांत जबाबदार कोण ते शोधायचे. जो जबाबदार ठरेल त्याने खर्च द्यायचा. तो सापडला नाही, किंवा देण्याची त्याची ऐपत नसली, तर केंद्र आणि राज्य यांनी मिळून सोय करायची. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातील तेल आणि शहरांचे उकिरडे या नियमांतून वगळले आहेत.

नियम झाले ही चांगली गोष्ट आहे, असे मी प्रथमच सांगून टाकतो. आमच्यातले काही मित्र सरकारने काहीही केले तरी नाक मुरडतात, त्यातला मी नाही. हे नियम निघाले तेव्हा देशात अशी १०३ स्थळे नक्की झालेली होती आणि सफाईचे काम सुरू होते ते फक्त सात ठिकाणी. ते वाचल्यावर उशिरा का होईना नियम आले याचे बरेच वाटले. पण एक गोष्ट नियमांत नाही: शोधण्याला मुदत आहे, ठरवण्याला मुदत आहे, प्रत्यक्ष सफाई कधी पुरी व्हावी याला मुदत नाही. आणि ती मुदत का नाही, हे पैशाकडे पाहिले म्हणजे कळते.

सफाईचे पैसे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे माती उकरणारी यंत्रे येतात. पण त्याआधी कितीतरी खर्च होऊन गेलेला असतो. जमिनीला भोके पाडायची, ठिकठिकाणची माती आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. विष कोणत्या दिशेने सरकते आहे हे आपल्या काळ्या खडकात सांगणे मोठे अवघड. पाणी फटींतून जाते, आणि फट कोठे वळली आहे ते वरून दिसत नाही. एका शेतातली विहीर खराब आणि बांधापलीकडची गोड, असा प्रकार होतो. हे सगळे मोजून आराखडा करायचा. हा खर्च सफाईच्या मानाने लहान. पण तो पहिला असतो. दोषी ठरण्याआधी दोषीकडून मागता येत नाही, आणि तपासणी झाल्याशिवाय दोषी ठरत नाही. म्हणजे पहिला रुपया सरकारी तिजोरीतूनच निघाला पाहिजे. तो निघाला नाही तर फाईल तेथेच बसते.

अमेरिकेत हा घोळ आधी झाला. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात हजारो टन माल पुरला आणि १९५३ साली ती जागा शाळामंडळाला एका डॉलरला विकली. वर शाळा झाली, घरे झाली, आणि १९७८ साली लोकांना घरे सोडावी लागली. १९८० च्या अखेरीस तेथे कायदा झाला. त्यास लोक सुपरफंड म्हणतात. त्यातली वाटणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोषी सापडला तर त्याने भरायचे. सापडला नाही तर प्रत्यक्ष सफाईत राज्याने दहा टक्के द्यायचे, बाकी केंद्राने. मात्र ती जागा राज्यानेच चालवलेली असली तर निदान निम्मे राज्याचे. आणि तपासणी व आराखडा यांसाठी, जागा खाजगी असेल तर, राज्याकडून हिस्सा मागत नाहीत! गरीब राज्याने दहा टक्क्यांच्या भीतीने तपासणीच टाळू नये, हा त्यातला मला दिसणारा शहाणपणा. केंद्राचा तो निधी मुख्यत: खनिज तेल आणि रसायने यांवरच्या खास करांतून भरायचा, म्हणजे एक कारखानदार पळाला तरी त्याच्या धंद्याने भरायचे. १९९५ साली तो कर संपू दिला, आणि बोजा सामान्य करदात्यांवर आला. रसायनांवरचा कर २०२२ पासून व तेलावरचा त्यापुढच्या वर्षापासून पुन्हा सुरू झाला. आणखी एक सोय आहे, ती मला सर्वांत आवडते. वस्तीतल्या लोकांच्या मंडळाला आपला स्वत:चा तज्ज्ञ नेमण्यासाठी ५०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. लोकांनी पाचवा हिस्सा घालायचा. तो श्रमाने घातला तरी चालतो.

आता आपल्याकडे या. उदयपूरजवळ बिछडी गाव आहे. १९८८ च्या सुमारास तेथे रंगाला लागणारे एच-ॲसिड तयार करणारे कारखाने निघाले. त्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी लाल-तपकिरी झाले. आपल्याच महाराष्ट्रातल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तपासणी करून सफाईचा खर्च मांडला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की बिघडवील त्याने भरावे. निकाल उत्तम होता. पण कारखानदार अर्जामागून अर्ज करीत राहिले, आणि २०११ साली न्यायालयाला त्यांना पुन्हा बजावावे लागले, की ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये भरा, आणि १९९७ पासून बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरा. सावकाराचे चक्रवाढ आपल्या बापजाद्यांनी भोगले आहे. कारखानदाराला ते लागलेले मी तरी प्रथमच वाचले. परंतु मधली पंधरा वर्षे विहिरी कोणासाठी थांबल्या होत्या?

भोपाळचे तर विचारूच नका. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला. माणसे मेली त्याची कथा सर्वांना माहीत आहे. आवारात पडून राहिलेल्या मालाची फारशी नाही. २००५ साली केंद्र सरकारने उच्च न्यायालयात मागणी केली, की मूळ कंपनी विकत घेणाऱ्या अमेरिकन डाऊ कंपनीने सफाईसाठी १०० कोटी रुपये आगाऊ ठेवावेत. ते ठेवले गेले नाहीत. २०१२ साली माल जर्मनीला नेऊन जाळण्याचा सुमारे २५ कोटींचा बेत झाला आणि मोडला. शेवटी ३३७ टन माल २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळला गेला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले. भागाकार करून पाहा, टनाला सुमारे ३७ लाख. आणि जाळताना चुना वगैरे घातल्यामुळे उरलेली राख मूळ मालाहून वजनाने अधिक भरली. कारखान्याच्या आसपासची माती आणि भूगर्भातले पाणी हा हिशोब वेगळाच. हा पैसा तुमचा आहे. काडेपेटीवर कर भरणाऱ्या बाईचा त्यात हिस्सा आहे. ज्यांनी कारखाना काढला त्यांचा नाही.

कोणी म्हणेल, भोपाळ दूर, बिछडी दूर. आमच्या धाराशिव जिल्ह्याचा काय संबंध? रसायनांचे मोठे कारखाने आपल्याकडे फारसे नाहीत हे खरे. पण साखर कारखाने आहेत, मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवणे, जळके तेल ओतणे, कीटकनाशकांचे डबे पुरणे हे धंदे गावाबाहेर कोठेही चालू शकतात. यातले काय त्या नियमांत बसते ते तपासणीने ठरेल. आणि पाणी आपल्याकडे किती आहे? शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात एक बोअर विषारी होणे म्हणजे कोकणातली दहा तळी बिघडण्यासारखे आहे. कौडगावला, उमरग्याला कारखाने वाढावेत, आमच्या पोरांना पुण्याला जावे लागू नये, अशी मागणी आमचीच आहे. म्हणूनच वाटणीचे बोलणे आधी झालेले बरे.

आता कामगारांच्या दृष्टीने यातली अवघड गाठ सांगतो. कंपनी बुडाली, की २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने तिची मालमत्ता विकून देणी भागवतात. प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका यांचा हक्क बरोबरीचा. सरकारी देणी बरीच खाली. म्हणजे सफाईचा खर्च सरकारने आधी केला आणि मग वसुलीला गेले, तर पाटात काही उरलेले नसते. उलट सफाईचा खर्च सर्वांत वर घातला, तर ज्याने वीस वर्षे त्या विषात हात घातले त्या माणसाची थकबाकी बुडते. आमच्या चळवळीत यावर दोन मते आहेत. माझे मत असे, की कामगाराचे आधी, त्यानंतर सफाईचे, आणि बँकेचे त्याच्या मागून. कर्ज देताना सातबारा, नकाशा, मूल्यांकन सगळे पाहणाऱ्या बँकेने जमिनीच्या पोटात काय आहे ते का पाहिले नाही? न पाहण्याची किंमत तिने द्यावी. बँकवाले मित्र येथे बसले असतील, त्यांना राग येईल. पण कामगाराजवळ तारण म्हणून फक्त त्याची फुप्फुसे होती.

सातबाऱ्यावरून आठवले. सोसायटीचे पाच हजारांचे पीककर्ज असले तरी ते 'इतर हक्क' या रकान्यात चढते. मग पुरलेल्या विषाची नोंद तेथे का नसावी? ती झाली तर जमीन घेणारा सहावा इसम फसणार नाही, आणि विकणारा पाचवा सहज निसटणार नाही.

पिंपे कोठे पुरली हे कोणाला माहीत असते? मालकाला असते, पण तो सांगत नाही. मंडळाला कागदावर असेल तेवढेच. ते खरोखर माहीत असते कुदळ मारणाऱ्याला. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचे प्रकरण २००१ साली उघडे पडले ते गावातल्या भंगाराच्या आवारात पाऱ्याने माखलेली काच सापडली म्हणून. कारखाना बंद झाला, २००३ साली सुमारे २९० टन माल अमेरिकेला परत पाठवला गेला, आणि ५९१ माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. मी स्वत: ज्या बंद कारखान्याच्या कामगारांची थकबाकी वर्षानुवर्षे लढवली, त्याचे नाव येथे घेत नाही, तेथे तपासणीला आलेल्या साहेबांनी कार्यालयातला नकाशा पाहिला आणि ते परत गेले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सफाई खात्यातल्या जुन्या म्हाताऱ्याला कोणीच विचारले नाही. तो मला म्हणाला, "साहेब चुकीच्या लिंबाखाली उकरत हुते." एका बोअरचा खर्च वाया गेला. आराखड्याच्या खर्चात चार जुन्या कामगारांची दोन दिवसांची मजुरी धरली असती, तर तो वाचला असता.

तेव्हा तुमच्याजवळ एवढेच मागणे आहे. तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. वकील लागत नाही. जागेचा गट नंबर लिहा, कोणते वर्ष, काय पुरताना किंवा ओतताना कोणी पाहिले ते लिहा, जवळच्या विहिरी-बोअरची नावे लिहा, आणि तेथे काम केलेल्या माणसांचे जबाब तपासणीत घ्यावेत अशी मागणी करा. त्यांनी आपले नाव उघड होऊ देण्यास नकार दिला तर जबरदस्ती करू नका. आमच्या युनियनमार्फत जबाब देता येईल. ठराव सरपंच-ग्रामसेवकांच्या सहीशिक्क्याचा असावा, आणि अर्ज दिल्यावर तारखेची पोच घ्यावी. सहामाही यादी निघेल तेव्हा ती पोच घेऊन मी तुमच्याबरोबर कचेरीत येईन.