क्रेडिट कार्डाची निवड : गरज, किंमत आणि विवेक



'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित आहे. उधारीने घेतलेला माल नेहमीच थोडा कमी भरतो, हा तिचा अर्थ. क्रेडिट कार्डाच्या युगातही ही म्हण खोटी ठरलेली नाही. फक्त पोते किती रिते आहे, हे आता महिन्याच्या देयकात बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचता येणे हाच वित्तीय साक्षरतेचा गाभा होय.

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड सुरू केले. त्यानंतर दीर्घकाळ ही सुविधा शहरी, उच्च उत्पन्न गटापुरतीच मर्यादित राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील क्यूआर कोडवरही उधारीने पैसे देणे शक्य झाले. साधन सोपे झाले की ते निवडण्याची जबाबदारी वाढते.

क्रेडिट कार्ड हे मूलतः असुरक्षित कर्ज आहे. तारण नसल्यामुळे बँकेची जोखीम अधिक आणि म्हणून व्याजदरही चढा असतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीवरील जोखीम भार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला, तो याच कारणास्तव. जोखीम भार वाढला की बँकेला त्या कर्जासाठी अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागते. परिणामी अशा कर्जाच्या बेसुमार वाढीला आळा बसतो.

कार्डाचे प्रकार अनेक आहेत. खरेदीच्या रकमेचा काही भाग परत देणारे कॅशबॅक कार्ड, पेट्रोल-डिझेलवरील अधिभार माफ करणारे इंधन कार्ड, विमान व रेल्वे प्रवासासाठीचे कार्ड, एखाद्या व्यापारी संस्थेशी संलग्न असलेले सह-नाममुद्रित कार्ड, मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे सुरक्षित कार्ड आणि कुटुंबातील मुख्य कार्डधारकाच्या खात्यावर मिळणारे पूरक कार्ड, हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी सर्वोत्तम कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाच्या कोणत्या खर्चासाठी कोणते योग्य, असा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. समजा, एका कार्डाचे वार्षिक शुल्क १,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर खर्च १,१८० रुपये होतो. खरेदीवर १ टक्का रक्कम परत मिळत असेल, तर केवळ शुल्क भरून निघण्यासाठी वर्षाला १,१८,००० रुपयांची खरेदी करावी लागेल. शुल्क नसलेले दुसरे कार्ड अर्धा टक्का परत देत असेल, तर पहिल्या कार्डाचा वाढीव लाभ अर्धाच टक्का उरतो आणि तीच मर्यादा २,३६,००० रुपयांवर जाते. वर्षाला ६०,००० रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबासाठी पहिले कार्ड तोट्याचेच ठरेल. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याला इंधन कार्डाचा उपयोग नाही, हे सांगावयास नकोच.

याहून महत्त्वाचा प्रश्न परतफेडीच्या सवयीचा आहे. देयकाची पूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्यास व्याजमुक्त कालावधीचा लाभ मिळतो. अंशतः रक्कम भरणाऱ्याचा हा लाभ संपतो. 'किमान देय रक्कम' या शब्दप्रयोगाने अनेकांची फसगत होते. समजा, थकबाकी २०,००० रुपये आहे आणि कार्डधारकाने ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये भरले. उरलेल्या १९,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने ६६५ रुपये व्याज आणि त्यावर सुमारे १२० रुपये कर लागतो. नवी खरेदी केली नाही तरी थकबाकी १९,७८५ रुपये होते. हजार रुपये भरून कर्ज कमी झाले ते अवघे २१५ रुपयांनी! मासिक साडेतीन टक्के म्हणजे वार्षिक ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे दर तपासण्याचा भार ग्राहकावरच अधिक आहे. ज्याला दरमहा पूर्ण रक्कम भरण्याची खात्री नाही, त्याने बक्षीस गुणांऐवजी व्याजदर पाहून कार्ड निवडावे; किंबहुना कार्ड घेऊच नये.

याच्या तुलनेत १९९८ मध्ये सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड पाहण्यासारखे आहे. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीवरून आलेल्या या योजनेत व्याज सवलतीमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्के दराने आणि मुदतीत परतफेड केल्यास ४ टक्के दराने उपलब्ध होते. दोन्हींचे नाव 'क्रेडिट कार्ड'च; पण एक उत्पादनासाठी आणि दुसरे प्रामुख्याने उपभोगासाठी. उत्पादक कर्ज स्वतःच्या परतफेडीची सोय निर्माण करते. उपभोगाच्या कर्जाची परतफेड मात्र उद्याच्या उत्पन्नातूनच करावी लागते. परीक्षार्थींनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा.

ग्राहक अगदीच असहाय आहे, असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मागणी नसताना कार्ड देण्यास मनाई केली. कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर, थकबाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही न झाल्यास प्रतिदिन ५०० रुपये दंडाची तरतूद केली. २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्यामुळे प्रत्येकाच्या परतफेडीची नोंद राहते आणि वर्षातून एकदा आपला पत अहवाल विनामूल्य पाहता येतो.

नोकरीच्या उंबरठ्यावरील तरुणाने प्रारंभ लहान मर्यादेच्या, शुल्कमुक्त किंवा मुदत ठेवीवरील कार्डाने करावा, त्यावरून रोख रक्कम काढू नये आणि पूर्ण देयक मुदतीत भरावे. ठेवीवरील कार्डाने पत हळूहळू उभी राहते. आज चुकवलेला एक हप्ता उद्याच्या शैक्षणिक वा गृहकर्जाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. 'पत' या मराठी शब्दाचा अर्थ कर्ज मिळण्याची पात्रता असा आहे, तसाच विश्वास असाही आहे. कार्ड बँक देते. पत मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.