वायटाराची 600 एकर जमीन

न्यूझीलंडचे गव्हर्नर थॉमस गोर ब्राउन मार्च 1859 मध्ये तारानाकी भागातल्या न्यू प्लिमथला आले, तेव्हा तेइरा नावाच्या माओरी पुढाऱ्याने वायटारा नदीच्या मुखाजवळची सुमारे 600 एकर जमीन सरकारला विकण्याची तयारी दाखवली. ते आती अवा जमातीचे प्रमुख विरेमू किंगी यांनी भर सभेत हरकत घेतली आणि ते उठून गेले. वर्षभरात याच तुकड्यावरून तारानाकीचे पहिले युद्ध पेटले.

गोऱ्या वसाहतवाल्यांचा हेतू उघड होता. 1841 मध्ये वसलेल्या त्यांच्या वसाहतीला शेतीसाठी जमीन कमी पडत होती आणि वायटाराची सुपीक माती त्यांच्या डोळ्यांत भरली होती. ब्राउन यांची चिंता निराळी होती. विकणारा राजी असताना प्रमुखाने आडवे यावे, हे त्यांना ब्रिटनच्या राणीच्या सत्तेलाच आव्हान वाटले. त्यात 1858 मध्ये वायकाटो भागात पोतातौ ते व्हेरोव्हेरो यांना माओरींचा राजा म्हणून निवडले गेले होते; त्याने धास्ती वाढली.

किंगींच्या दृष्टीने जमीन सामाईक होती, एका हिस्सेदाराला ती परस्पर विकता येत नव्हती. 1848 मध्ये त्यांनी कापिती किनाऱ्याकडून आपली माणसे याच वडिलार्जित जागी परत आणली होती आणि त्यांची वस्ती व शेते तिथेच होती. तेइराच्या विक्रीमागे पैशाइतकीच किंगींशी असलेली वैयक्तिक तेढही होती, हे सरकारने मनावर घेतले नाही. न्याय किंगींच्या बाजूला होता. माजी सरन्यायाधीश विल्यम मार्टिन यांनीही 1860 मध्येच सरकारच्या या खरेदीवर कडक टीका केली.

फेब्रुवारी 1860 मध्ये मोजणीदार आले, तेव्हा माओरी स्त्रियांनी हत्यार न उचलता मोजणी बंद पाडली. उत्तरादाखल लष्करी कायदा पुकारला गेला आणि 17 मार्चला ते कोहिआ या माओरी गढीवर तोफा डागल्या गेल्या. माओरी राजाचे समर्थक आधी द्विधा मनःस्थितीत होते. किंगींचा पराभव झाला तर उद्या आपल्याही जमिनी जातील, या विचाराने त्यांतले अनेक मदतीला धावले. 27 जूनला पुकेताकाउएरेच्या लढाईत इंग्रजांचे सुमारे 30 सैनिक मारले गेले.

मार्च 1861 मध्ये युद्धविराम झाला. नवे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी मे 1863 मध्ये वायटाराची खरेदी सोडून दिल्याचे जाहीर केले. पण तोवर तारानाकीत लढाई पुन्हा सुरू झाली होती. 1865 मध्ये जप्तीच्या कायद्याखाली वायटारा सरकारजमा झाले.