ईसीएमवर ठपका ठेवण्यापूर्वी

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, आणि म्हणूनच डिझेल किती, केव्हा आणि कोणत्या दाबाने फवारले जाते यावर अशा इंजिनाचे सारे काही अवलंबून असते. पूर्वी हे काम यांत्रिक पंप करीत असे; त्यातील गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार डिझेल कमीजास्त करणारी योजना, वजने आणि स्प्रिंग यांवर चालत असे आणि एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरज फारशी उरत नसे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा हा कारभार इंजिन कंट्रोल युनिटकडे, गॅरेजच्या बोलीत ईसीएमकडे, आला. भारतात १ एप्रिल २०१० रोजी बीएस-४ हे मानक ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाले त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, तर देशभर ते २०१७ मध्ये लागू झाले. शाळेची मुले किंवा भाजीपाला वाहणाऱ्या आजच्या जुन्या व्हॅनपैकी अनेक गाड्या याच पिढीतील, कॉमन रेल इंजिनाच्या आहेत.

कॉमन रेल म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकत्रितपणे डिझेल पुरविणारी जाड पोलादी नळी. पंप तिच्यात हजार बारहूनही अधिक दाबाने डिझेल भरतो आणि ईसीएम प्रत्येक इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने उघडतो व मिटतो. त्यासाठी लागणारी माहिती त्याला सेन्सरांकडून मिळते: क्रँक किती फिरला, पाणी किती तापले, रेलमध्ये दाब किती आहे, चालकाने पेडल किती दाबले. यांपैकी एखादी माहिती चुकीची आली किंवा आलीच नाही, तर डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो आणि पुष्कळदा इंजिन लिंप मोडमध्ये, म्हणजे नुकसान टाळण्यासाठी मुद्दाम ताकद आवरून, चालू लागते. घाटात पिकअप न देणारी व्हॅन गॅरेजमध्ये येते, आणि तेथे ‘ईसीएम गेला’ असा निदानाचा शेवट अनेकदा सुरुवातीलाच उच्चारला जातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो, आणि ती घाई व्हॅनवर पोट असलेल्या माणसाला फार महाग पडते.

स्कॅनर लावल्यावर जो कोड दिसतो ती ईसीएमची तक्रार असते, तिचा निकाल तपासणीनंतरच लागायचा असतो. पी-००८७ या कोडचा अर्थ रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढाच होतो. त्यामागे तुंबलेला डिझेल फिल्टर असू शकतो, झिजलेला पंप असू शकतो, इंजेक्टरमधून परतीच्या नळीत जाणारी जादा गळती असू शकते किंवा दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर कुरतडलेली असू शकते. कोड पुसून टाकण्याआधी तो लिहून ठेवावा आणि मग स्कॅनरवरील लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी ईसीएमला दिसणारी मापे, शांतपणे वाचावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. पाण्याचे तापमान उणे चाळीस अंश दिसत असेल, तर सेन्सरचा मार्ग कोठेतरी तुटलेला आहे, कारण त्या मार्गात वीजप्रवाहच नसला की ईसीएमच्या हिशेबाला हाच आकडा येतो.

येथे एक साधी चाचणी उपयोगी पडते. दोन वायरींच्या तापमान सेन्सरचा कपलर काढून त्या दोन वायरी लहानशा तुकड्याने जोडल्या आणि स्कॅनरवरील आकडा उणे चाळीसवरून एकदम शंभराच्या वर गेला, तर ईसीएम आणि त्याच्यापर्यंतची वायरिंग, दोन्ही शाबूत ठरतात आणि दोष सेन्सरकडे जातो. ज्या युनिटला बाद ठरवायचे होते, त्याच युनिटने स्वतःची साक्ष अशी दिलेली असते. ही जोडणी फक्त अशा दोन वायरींच्या सेन्सरवरच करावी, इतरत्र नव्हे.

एकाच वेळी पाच-सहा सेन्सरांचे कोड आले, तर तेवढे सेन्सर एकदम बिघडले असे सहसा नसते. अनेक सेन्सरांना ईसीएम एकाच पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर ठेवतो आणि त्यातील एक आतून शॉर्ट झाला की तो पुरवठाच कोसळतो, मग त्यावरचे सगळेच खोटी मापे देऊ लागतात. मल्टिमीटर त्या पाच व्होल्टच्या वायरवर ठेवून एकेक कपलर काढत जावे. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात, तो दोषी.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते अर्थचे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या मार्गाचे. कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा पावसाळ्यात चिखल उडणाऱ्या जागी अर्थच्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि आवरणाच्या आत तारेचे धागे एकेक करून खाल्ले जातात. अशी वायर ओममध्ये मोजली तर निर्दोष दिसते, कारण मीटरचा अत्यल्प प्रवाह एका उरलेल्या धाग्यातूनही सहज जातो. सेल्फ मारल्यावर लागणारा भार मात्र तो धागा पेलू शकत नाही. म्हणून मोजमाप भाराखाली करावे लागते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व लाल टोक ईसीएमच्या अर्थ पिनवर धरावे आणि साहाय्यकाने सेल्फ मारावा. मीटरने ०.२ व्होल्टहून अधिक दाखवले, तर तो मार्ग साफ करण्याजोगा किंवा बदलण्याजोगा आहे. याच वेळी बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर तिच्याच कमजोरीमुळे ईसीएम मध्येच बंद पडून पुन्हा जागा होतो आणि असंबद्ध कोड नोंदवतो.

पुरवठ्याच्या दोषाचे उत्तम उदाहरण युरोपातील आहे. फोक्सवॅगनच्या १९९०च्या दशकातील टीडीआय गाड्यांत, टी-४ व्हॅनसह, ईसीएमला वीज देणारा रिले १०९ या क्रमांकाने ओळखला जातो. त्याच्या आतील सोल्डरचा टाका वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक तडकतो, आणि मग गाडी कधी सुरू होत नाही, तर कधी चालताचालता बंद पडते. चावी फिरवूनही ग्लो प्लगचा दिवा न लागणे ही त्याची खूण. एका छोट्या रिलेच्या दोषापायी येथेही संशय प्रथम ईसीएमवर जातो.

ईसीएम खरोखर बिघडतो, हेही खरे. त्यात पाणी शिरते, जंप देताना बॅटरीची टोके उलटी लागतात, किंवा कॅरिअर बसवताना बॅटरी न सोडवता बॉडीवर वेल्डिंग केले जाते. पण वीज, अर्थ, सेन्सर आणि वायरिंग निर्दोष ठरल्यावरच त्याचा क्रमांक लागतो. शिवाय जुन्या बाजारातून आणलेले युनिट नुसते बसवून भागत नाही. इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखणारी सुरक्षायोजना, त्याला अडवते, आणि अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतांक नव्या युनिटमध्ये भरावा लागतो. म्हणून ईसीएम बदलण्याची वेळ आलीच, तर व्हॅनमालकाने जुने युनिट गॅरेजमध्ये सोडू नये, ते मागून घेऊन जपून ठेवावे. बदलूनही दोष कायम राहिला, तर गाडी पूर्ववत करण्यासाठी तेच लागते.