हाऊसबोटीत एसी बसवताना

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका कांदळवन सफर चालवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. फेरीच्या बोटीला वाराच पुरतो. पण मुक्कामाची हाऊसबोट करायची म्हटली, की पाहुणे विचारतात, "खोलीत एसी आहे का?" म्हणून आज त्याबद्दल बोलू.

एसी कोणता, हे नंतर बघा. आधी वीज कुठून येणार ते ठरवा. एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालला, तर तासाला साधारण 1 युनिट वीज खातो. घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी पूर्ण भरली, तरी तिच्यात 1.8 युनिट मावतात, आणि साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे एका बॅटरीवर एसी जेमतेम तासभर. रात्र कशी काढणार?

केरळात आलेप्पीच्या हाऊसबोटी संध्याकाळी काठाला लागतात, आणि बऱ्याच बोटींत एसी फक्त रात्रीच चालतो. आपणही तसंच करावं. रात्री बोट धक्क्याला बांधायची, आणि तिथे रीतसर मीटर घेऊन काठावरची वीज वापरायची. जनरेटर फक्त अडीअडचणीला.

आता यंत्र. बोटीचे खास एसी खाडीचं पाणी आत ओढून थंड होतात. पण त्यासाठी बोटीला पाण्याखाली भोक पाडावं लागतं, आणि गाळाने जाळी तुंबते. ती वरचेवर साफ करायला हवी. छोट्या खोलीला घरचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी सोपा, दुरुस्तीला माणूसही मिळतो. कॉइल तांब्याची आणि गंज न धरणारा लेप दिलेली घ्या. खारा वारा पत्रा खातो, म्हणून बाहेरचं यंत्र बंद करून अधूनमधून गोड्या पाण्याने हलकेच धुवा.

बसवताना बाहेरचं यंत्र छतावर चढवू नका. वर वजन वाढलं की बोट डोलते. ते खाली, तोल सांभाळून, घट्ट बसवा. त्यासाठी बोट बांधणाऱ्याला आणि तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला आधी विचारा. एसीचं पाणी नळीने बोटीबाहेर काढा, तळात साचू देऊ नका. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी हवाच. पाण्यावर शॉक बसला तर जीव जातो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. दारं-खिडक्या लावून झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. जनरेटर खोलीलगत ठेवू नका, धुराचा पाइप वाऱ्याच्या दिशेने लांब काढा, आणि प्रत्येक खोलीत या वायूची सूचना देणारी घंटी लावा.

छताला दुहेरी आच्छादन, समोरासमोर खिडक्या आणि जाड पडदे केले, तर लहान एसीतही भागतं. हा खर्च आधी करा.

शेवटी हिशोब. पावसाळ्यात बोट बंद असते, कर्जाचा हप्ता मात्र बंद नसतो. एसी, वायरिंग, मीटर आणि दुरुस्ती, सगळं मिळून वर्षात किती रात्री भरल्या तर पैसे वसूल होतील, ते गटाच्या बैठकीत वहीत मांडा. आकडा पटला, तरच दुकानाची पायरी चढा.