नाटकाचं पुस्तक घरी न्या

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावांत बेकरीच्या दारात डब्यांची रांग लागते. रहिमतपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, किलोमागं मजुरी द्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. तूप-साखर परातीत तळहातानं फेसायची, पांढरीशुभ्र आणि हलकी होईपर्यंत. तिथं कंटाळा केला तर नानकटाई खुसखुशीत होत नाही. मग मैदा, थोडं बेसन, वेलची. गोळे पत्र्यावर अंतर सोडून मांडायचे, कारण भट्टीत ते पसरतात. भट्टी लाकडाची असेल तर घाई चालतच नाही. कडक तापलेल्या भट्टीतून आधी पाव निघतो. आच उतरली की नानकटाई आत जाते. टोस्ट म्हणजे पावाचेच काप, ते मंद उबेवर पुन्हा भाजून कडक करतात.

आपला पत्रा बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते थांबणं मला आवडतं. लेकीची परीक्षा, आल्याचा भाव, वाचनालयात आलेलं नवं पुस्तक, यंदा नाटक बसवायचं की नाही, सगळं तिथं बोलून होतं. आज मी या नाटकाबद्दलच बोलणार आहे.

रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव. २० मार्च १९२० रोजी ते इथं जन्मले. वडील शंकर केशव कानेटकर, म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. वसंतराव पुढं नाशिकला प्राध्यापक झाले, तिथंच राहिले, तिथंच २००० साली गेले. नाशिककर त्यांना आपलं मानतात, आणि ते रास्त आहे. पण जन्माचं नातं आपल्याकडं आहे. त्यांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली रंगभूमीवर आणलं ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं. ही हौशी मंडळींची संस्था. दिवसा आपापला कामधंदा, रात्री तालीम. डॉक्टर श्रीराम लागू याच संस्थेतले, आणि ते तेव्हा खरोखरच दवाखाना चालवणारे डॉक्टर होते. पाच वर्षांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं आणि कानेटकर घराघरांत पोचले. हे सगळं मी एवढ्याचसाठी सांगतो आहे, की नाटकाला हात घालायला मुंबई-पुण्याचा व्यावसायिक नट असावं लागत नाही. शिवाय आपला मुलूखच नाटकाचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, नाटककार देवल हरिपूरचे, बालगंधर्वांचा जन्म नागठाण्याचा.

गावात नाटक बसायचं कसं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. नाटकाची प्रत एकच, बहुधा वाचनालयाचीच. मग प्रत्येकानं आपली नक्कल उतरवून घ्यायची. वहीत आपली भाषणं, आणि प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपली वेळ कळावी. दुकानं मिटली, धारा झाल्या, उसाला पाणी देणारा परतला की तालीम सुरू. चहा, टोस्ट, आणि एखाद्या वाक्यावरून रात्री उशिरापर्यंत वाद. स्त्रीभूमिकेसाठी पुष्कळदा बाहेरून नटी ठरवावी लागे आणि वर्गणीतला मोठा वाटा तिथं जाई. आता ती अडचण राहू नये. आपल्याच शाळांतल्या बाई, आपल्याच लेकी-सुना उत्तम काम करतील. त्यांना रात्रीच्या तालमीला निर्धास्त येता-जाता येईल एवढं आपण बघायला हवं.

पण तालमीच्या आधी वाचन असतं. सगळ्यांनी गोल बसून अख्खं नाटक मोठ्यानं वाचायचं. नुसती नक्कल पाठ करणाऱ्याला आपलं काम येतं, नाटक येत नाही. आणि नेमकं हे वाचनच थांबलं आहे. वाचनालयात कादंबऱ्या हातोहात जातात, नाटकं कपाटात तशीच राहतात. नाटक बघायचं असतं, वाचायचं नसतं, असं आपण धरून चाललो आहोत. मला हे अजिबात पटत नाही. संवाद मोठ्यानं म्हटला की ज्याला वाचनाचा कंटाळा आहे तोही त्यात ओढला जातो.

म्हणून यंदाच्या दिवाळीसाठी माझं एक मागणं आहे. सुट्टीत घरं भरलेली असतात. वाचनालयात जा, नाटकांचं कपाट उघडायला सांगा आणि एक पुस्तक घरी न्या. कानेटकरांचंच ‘प्रेमा तुझा रंग कसा’ घ्या, हलकंफुलकं आहे, घरच्या बैठकीत शोभेल. संध्याकाळी फराळाची ताटं झाली की पात्रं वाटून घ्या. आजींना मनाजोगतं काम आधी निवडू द्या. लहान मुलांना कंसातल्या सूचना वाचायला लावा, ती आवडीनं वाचतात. पाठांतर नको, रंगभूषा नको, पडदे भाड्यानं आणायला नकोत. एक अंक वाचा, जमलं तर दुसऱ्या दिवशी पुढचा. आणि वाचताना शेजाऱ्यांनाही बोलवा, पात्रं कमी पडणार नाहीत.