पोपटमाशाची वाळू

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला मासा म्हटलं की मरळ आठवते, कतला आठवतो, नाहीतर पहिल्या पावसात बोडीतून वर सरकणारे चढणीचे मासे आठवतात. त्यांचे रंग मातीचे, शेवाळाचे, फार तर खवल्यावरच्या चांदीचे. गढूळ पाण्यात रंग मिरवायचा कुणासाठी? आज मात्र मी ज्या माशाबद्दल बोलणार आहे, तो अंगावर हिरवा, निळा, गुलाबी आणि केशरी असे सगळे रंग एकदम घालून हिंडतो. त्याचं नाव पोपटमासा. राहतो उष्ण प्रदेशातल्या उथळ समुद्रात, प्रवाळांच्या खडकांत. आपल्या देशात तो लक्षद्वीपला आहे, अंदमानला आहे, मन्नारच्या आखातातही आहे.

प्रवाळ म्हणजे पोवळं. आमच्या घरी त्याला मर्जान म्हणत. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, पण कूळ एकच. लहान लहान जीव एकमेकांना चिकटून राहतात, अंगाखाली चुनखडी रचतात, आणि हजारो वर्षांत त्याचा डोंगर होतो. महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावरही आहेत. आपल्या नद्या जातात तिकडे मात्र ते नाहीत. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होऊन प्राणहिता होते, सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते, आणि आपल्या रानातली माती बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. त्या गढूळ मुखाशी प्रवाळ रुजत नाही. त्याला नितळ पाणी लागतं आणि ऊन लागतं.

पोपटमाशाला हे नाव मिळालं ते रंगामुळे आणि चोचीमुळेही. त्याचे दात एकमेकांत जुळून चोच झालेली असते. तिनं तो खडक खरवडतो. खडकावरचं शेवाळ आणि त्यातले सूक्ष्म जीव हे त्याचं अन्न, पण त्याबरोबर चुनखडीही तोंडात येते. मग घशातल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात तो ती दळतो. माशाला जठर नसतं. पोषण तेवढं अंगी लागतं आणि दळलेला खडक मागून वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की तिथली ८५ टक्क्यांहून अधिक नवी वाळू या माशांनी केलेली आहे. ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर लोक फोटो काढतात, तो पुष्कळसा या माशाच्या पोटातून आलेला असतो.

त्याचे रंगही एका जागी थांबत नाहीत. बऱ्याच जातींत लहानपणी मासा करडा, तपकिरी असतो आणि पुष्कळदा मादी असतो. मोठेपणी त्यातल्या काही माद्या नर होतात, आणि भडक रंग येतो तो तेव्हा. रात्री काही जाती झोपण्याआधी तोंडातून चिकट स्राव सोडून अंगाभोवती पारदर्शक पिशवी विणतात. रक्त पिणारे बारीक किडे त्यामुळे दूर राहतात, असं २०१० मधल्या प्रयोगात आढळलं. म्हणजे आपल्यासारखीच त्यालाही मच्छरदाणी लागते.

पण श्रोतेहो, या माशाचं खरं मोल त्याच्या कामात आहे. रानात झाडं तुटून जागा मोकळी झाली आणि तिथे घाणेरी माजली, की मोहाचं रोपटं वर येत नाही, हे आपण पाहतो. समुद्रातही तसंच. प्रवाळ मेला की त्यावर शेवाळ पसरतं, आणि नव्या प्रवाळाच्या पिल्लाला टेकायला जागा उरत नाही. पोपटमासा ते शेवाळ खरवडून जागा मोकळी करतो. कॅरिबियन समुद्रात पोपटमासे बेसुमार मारले गेले. १९८३ पासून शेवाळ खाणारे समुद्री साळूही रोगानं मेले, आणि खडक शेवाळानं झाकले गेले. म्हणूनच बेलीझ या देशानं २००९ मध्ये पोपटमासा पकडायला बंदी घातली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या जमिनीखालचा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनं जंगल. ते आपण दुर्गापूरला जाळतो, अवघा देशही जाळतो, जगही जाळतं. त्या धुरानं हवेत अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. चंद्रपूरचा पारा ४७ वर गेला तरी आपण ओला पंचा डोक्यावर टाकून दिवस काढतो. प्रवाळाला तशी सोय नाही. नेहमीच्या उन्हाळ्याहून पाणी फक्त एक अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर त्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं शेवाळ निघून जातं. तो पांढरा पडतो आणि पुढे उपाशी मरतो. लक्षद्वीपला हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये घडलं. १९९८ ते २०२२ या चोवीस वर्षांत तिथल्या अभ्यासलेल्या खडकांवरचा जिवंत प्रवाळ सुमारे निम्म्यावर आला.

पोपटमासा खडक झाडून ठेवू शकतो, पाणी थंड करू शकत नाही. लक्षद्वीपचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या खोल पाण्यातला कुपा गळानं धरत आले, म्हणून खडकातले मासे बरेच वाचले. त्यांच्या वाट्याचं काम त्यांनी केलं, माशानं त्याचं केलं. उरलेलं काम कोळसा जाळणाऱ्यांचं आहे, आणि त्यात तुम्ही-आम्ही आहोत. जितका कोळसा कमी जळेल, तितका दोन उष्ण उन्हाळ्यांमधला वेळ त्या खडकाला मिळेल. नवा प्रवाळ वाढायला वर्षं लागतात. तोवर त्याची जागा झाडून ठेवायला तो हिरवा-निळा मासा रोज सकाळी कामाला लागतो.